सामानापाशी

फोटोत आई बाकावर बसली आहे. मांडीवर पदराच्या झोळीत चार चष्मे. डाव्या मनगटात तिचं स्वतःचं आणि त्याच्यावर चढत गेलेली इतरांची मिळून चार घड्याळं. पायाशी चपलांचे जोड, एका बाजूला पाण्याची बाटली आणि दोन पिशव्या, दुसऱ्या बाजूला मामीची पर्स. वाटे मांडून बसलेल्या भाजीवालीसारखी ती त्या पसाऱ्याच्या मधोमध आहे. कॅमेऱ्याकडे तिचं लक्ष नाही, ती वर कुठेतरी बघते आहे. फोटोच्या पाठीवर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: ‘एस्सेलवर्ल्ड, मे १९९५’.

हा फोटो मी आजवर किती वेळा पाहिला असेल, पण परवा कपाट आवरताना पहिल्यांदा चष्मे मोजले. त्या दिवशी आम्ही आठ जण होतो. आई, बाबा, ताई, मी, मामा, मामी आणि त्यांची दोन मुलं. चष्मा होता चौघांना: मामा, मामी, ताई आणि बाबा. फोटो बाबांनी काढलाय, म्हणजे त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर असणार. त्याशिवाय त्यांना समोरची आईसुद्धा दिसली नसती. मग मांडीवर तीन हवेत. चौथा कोणाचा?

डोंबिवलीहून पहाटेची लोकल, दादरला बदलून बोरिवली, तिथून बेस्टची बस आणि मग गोराईची खाडी. मालाडकडची माणसं मार्व्याहून बोटीत बसत, आम्ही बोरिवलीकडून. मुंबईच्या पोरांना समुद्र ठाऊक असतो, तो चौपाटीवर उभं राहून बघायचा असतो. पाणी ओलांडून पलीकडे जायचं, हे मात्र आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. खाडी केवढी, तर काही मिनिटांची. पण भटभट करणारी ती लाकडी बोट काठापासून सुटली, दोन्ही बाजूंची खारफुटी मागे सरकायला लागली आणि चिखलाचा, डिझेलचा, सुक्या मासळीचा एकत्र वास नाकात शिरला, तेव्हा परदेशी निघाल्यासारखं वाटलं. समोरून येणाऱ्या बोटीत टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, गोराई-मनोरीच्या. आम्ही ज्या पाण्यावरून चैनीला चाललो होतो, त्याच पाण्यावरून त्या कामाला चालल्या होत्या. दोन्ही बोटी एकमेकींना घासून जाताना त्यातल्या एकीने आमच्या टोप्या, वॉटरबॅगा आणि उगाच ओरडणारी तोंडं पाहिली आणि काही न बोलता तोंड फिरवलं. आई तिच्याकडे बराच वेळ वळून बघत होती. मासळी कुठली, एवढंच बघत असेल, असं मी धरून चाललो.

एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान १९८९ साली सुरू झालं. त्याच्या पाच वर्षं आधी दिल्लीत अप्पू घर उघडलं होतं. १९८२ च्या आशियाई खेळांचा शुभंकर हत्ती अप्पू, त्याचं ते घर. पण दिल्ली लांब होती, आणि अप्पू आमच्यासाठी टीव्हीतला हत्ती होता. गोराईचं उद्यान आमच्या आवाक्यातलं होतं. आवाक्यातलं म्हणजे वर्षभर मागे लागलं, सहामाहीत बरे मार्क पडले आणि बाबांचा बोनस झाला, तर. ते उभारणारे सुभाष चंद्रा त्याआधी टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूब बनवण्याच्या धंद्यात उतरले होते, आणि पुढे १९९२ मध्ये त्यांनी झी टीव्ही काढला. म्हणजे सकाळी दात घासण्यापासून रात्रीच्या मालिकेपर्यंत आमच्या दिवसाची दोन्ही टोकं एकाच माणसाकडे होती आणि मधली सुट्टीही त्याच्याकडेच, असं मामा म्हणायचा. दूरदर्शनवर त्या उद्यानाची जाहिरात लागे. तिच्यातलं पोर घरी परत जायलाच साफ नकार देई. ते गाणं चाळीतल्या प्रत्येक पोराला पाठ होतं, आणि प्रत्येक आईला त्याचा वीट आलेला होता. घर सोडून जायची इतकी गोड धमकी त्याआधी कोणी दिली नसेल.

आत शिरल्यावर काय काय होतं, ते सांगायला गेलो तर यादी होईल, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं मला आठवत नाही. जे आठवतं ते तुकड्यांनी. उन्हाने तापलेले लोखंडी कठडे. बाहेर मे महिना आणि आत हातमोजे घातलेली माणसं, असा तो बर्फावर घसरायचा हॉल. टकरीच्या गाड्यांच्या छपराला घासणाऱ्या दांड्यांतून उडणाऱ्या ठिणग्या आणि त्यांचा जळका वास. आणि रांग. रांग फार आठवते. रोलर कोस्टरला तिथे झिपर डिपर म्हणत. त्याच्या रांगेत आम्ही इतका वेळ उभे होतो, की मामाला त्याचं शास्त्र पूर्ण समजावून सांगता आलं.

मामा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात होता. जगातली कुठलीही वस्तू त्याच्या नजरेत आधी उघडायची आणि मग वापरायची असे. त्याने सांगितलं, या गाडीला इंजिन नसतं. खालची साखळी तिला एकदाच सगळ्यात उंच टोकापर्यंत ओढून नेते, बस्स. पुढचं सगळं तिच्याच वजनावर. म्हणून दुसरी टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी, तिसरी दुसरीपेक्षा ठेंगणी. वर चढवून घेतलेली उंची ती थोडी थोडी खर्च करत घरी येते, पगारासारखी. “आणि चढताना तो खट-खट-खट आवाज येतोय ना, त्याला घाबरायचं नाही,” मामा म्हणाला. “तो खिटीचा आवाज. दात्यांच्या पट्टीवर एकेक दात्यात पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे घरंगळणार नाही. तो आवाज बंद झाला, की समज वर पोचलास. मग घाबर.” माझ्या जन्मात कोणी मला इतकी उपयोगी गोष्ट सांगितली नाही. त्यानंतर आयुष्यात जिथे जिथे खडखड झाली, तिथे मी तसा निर्धास्त राहिलो. घाबरलो ते सगळं शांत झाल्यावर.

आई मात्र कशातच बसली नाही. फाटकातून आत आल्या आल्या तिने एक सावलीतलं बाक हेरलं आणि म्हणाली, “तुमी जावा. मी हय बसतंय सामानाकडे.” मामीने दोनदा आग्रह केला. “माका गरगरता,” आई म्हणाली. विषय संपला. सामानापाशी कोणीतरी बसायला हवं, हे घरातल्या सगळ्यांना इतकं मान्य होतं, की ते कोणी, हा प्रश्नच कधी आला नाही. लग्नात, स्टेशनवर, देवळाच्या पायरीवर, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळीकडे.

आता गंमत अशी, की गरगरण्याचं कारण मी तेव्हा खरं मानलं, आणि तरीही आईचा पाळण्याचा किस्सा मला त्याच्याही आधीपासून तोंडपाठ होता. आईचं माहेर मालवण तालुक्यातलं. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिच्या लहानपणीची सगळ्यात मोठी तारीख. तारीख म्हणायचं, पण ती पंचांगात सापडत नाही. देवीचा कौल घेऊन दरवर्षी ती नव्याने ठरते. त्या जत्रेत गुळात घोळलेलं, आल्याच्या चवीचं खाजं, रात्रभर चालणारा दशावतार आणि मोकळ्यावर उभा केलेला लाकडी पाळणा. चार पेट्या, मधे आस. विजेचा संबंध नाही. दोन माणसं आपल्या अंगाच्या जोराने तो फिरवायची, वरची पेटी खाली आली की तिला लोंबकळून पुन्हा धक्का द्यायची. आईने दहाव्या वर्षी खाज्यासाठी मिळालेले सगळे पैसे त्या पाळण्यावर उडवले आणि ती ओळीने तीन वेळा बसली. घरी आल्यावर आजीचा मार खाल्ला. वर पोचल्यावर माडांच्या शेंड्यांपलीकडे काय दिसलं, ते ती आम्हाला सांगे, दर वेळी थोडं जास्त. हे दोन किस्से, तीनदा पाळण्यात बसलेली मुलगी आणि गरगरतं म्हणून बाकावर बसलेली बाई, मी एकमेकांशेजारी कधी ठेवले नाहीत.

पाळण्याचं आणखी एक सांगतो, मग पुढे जाऊ. उंच चक्राचं श्रेय जग अमेरिकेतल्या जॉर्ज फेरिसला देतं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने ८० मीटर उंच पोलादी चक्र उभं केलं, ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं. आयफेल टॉवरला उत्तर द्यायचं होतं शिकागोवाल्यांना. पण १६२० मध्येच पीटर मंडी नावाच्या एका इंग्रज प्रवाशाने बल्गेरियातल्या आजच्या प्लोवदिवमध्ये लाकडी उभ्या चक्रात बसून गिरक्या घेणारी माणसं पाहिली आणि आपल्या वहीत त्याचं चित्र काढून ठेवलं. हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. जत्रेतला पाळणा पहिल्यांदा कोणी उभा केला, ते कुठल्याच वहीत नाही. तो मराठी, बल्गेरियन, कोणाचाही असेल. तो फिरवणाऱ्या दोन माणसांना मात्र कोणत्याच देशात बसायला मिळालं नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

परतीच्या बोटीत आम्ही पोरं गप्प होतो. एकाला उलटी झाली होती, दुसऱ्याचा घसा बसला होता. बोलत होती ती आई. दिवसभर एका जागी बसून तिने जे पाहिलं होतं, ते ऐकताना वाटलं, आम्ही भलत्याच ठिकाणी जाऊन आलो. घोड्यांच्या चक्रावरचा मुलगा मनोरीचा, त्याचं लग्न ठरलंय. झाडूवाली बाई दर तासाला त्याच बाकापाशी येऊन पाठ टेकते. एक आजोबा नातवाला पाळण्यात बसवून खाली उभ्या उभ्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, नातू उतरला तेव्हा त्यांनी खिशातून अंगारा काढला. बाकांवर बसलेल्यांचं एक निराळंच गाव होतं तिथे. कोणी कोणाचं नाव विचारत नव्हतं, पण पाणी आणायला उठताना शेजारणीला डोळ्यांनी सांगून जायचं आणि तिने मानेने हो म्हणायचं, एवढा त्या गावाचा कायदा. आईने शेजारच्या बाकावरच्या एका गुजराती बाईचे थेपले खाल्ले होते आणि तिला आपल्याकडच्या कैरीच्या फोडी दिल्या होत्या.

१९९८ मध्ये तिथेच वॉटर किंगडम झालं. आम्ही गेलो, आईचं काम वाढलं. आता कपडेही सांभाळायचे. साडी नेसून पाण्यात उतरता येत नव्हतं, नायलॉनचे पोशाख भाड्याने घ्यावे लागत, आणि ते घालण्यापेक्षा आईने आणखी दहा बाकं पत्करली असती. लाटांच्या हौदाचं मला नवल वाटलं होतं. भिंतीमागच्या खोल्यांत हवा दाबून पाणी ढकलायचं, सोडायचं, पुन्हा ढकलायचं, की लाट तयार. हे सगळं अरबी समुद्राच्या कडेला, जिथे गोराईच्या किनाऱ्यावर खऱ्या लाटा रात्रंदिवस फुकट फुटत होत्या आणि बघायला कोणी नव्हतं. आई म्हणाली, खऱ्या लाटेवर विश्वास ठेवता येत नाही, हिच्यावर ठेवता येतो, म्हणून पैसे. त्या उद्यानांबद्दल इतकं नेमकं मी नंतर कुठे वाचलं नाही.

आणि मग त्याच आवाराला लागून विपश्यनेचा पॅगोडा उभा राहिला. सुभाष चंद्रांनीच दिलेल्या जमिनीवर, सत्यनारायण गोएंका यांच्या कल्पनेतून. २००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्यानमारच्या श्वेडगॉनच्या धर्तीवरचा सोनेरी कळस खाडीच्या पाण्यावरून लांबून दिसतो. आत एकही खांब नाही. एकमेकांत अडकवलेल्या दगडांचा तो अवाढव्य घुमट स्वतःच्याच वजनावर तोलून उभा आहे, आणि त्याच्याखाली आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. तेव्हा शेजारीच माणसं पैसे मोजून किंचाळत होती, इकडे माणसं फुकट गप्प बसत होती. लोकांना हा विनोद वाटे. मला नाही वाटत. दोन्हीकडे माणूस स्वतःचं वजनच तपासायला येतो, मामाच्या त्या गाडीसारखं.

आईला घेऊन गेलो होतो. ज्यांनी विपश्यनेचं शिबिर केलेलं नाही, त्यांना मुख्य सभागृह काचेआडून बघावं लागतं. आई काचेपाशी उभी राहिली. आतल्या पसरट शांततेत थोडी माणसं विखरून बसली होती, मांडी घालून, डोळे मिटून. बराच वेळ बघून ती म्हणाली, “हय सगळेच बसान आसत.” मग थोड्या वेळाने, “सामान खंय ठेवल्यानी?”

पुढे २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं, आणि आमच्या लेकीच्या पिढीचं गोराई तिकडे गेलं. तिथल्या नायट्रो नावाच्या कोस्टरच्या डब्यांना तळच नाही. पाय हवेत लोंबकळतात. मागच्या वर्षी लेकीबरोबर त्याच्या रांगेत उभा राहिलो, निम्म्यात आलो आणि शांतपणे बाहेर पडलो. चाळिशीनंतर कानातला तोल बिघडतो, असं डॉक्टर म्हणतात. मी लेकीला म्हटलं, मी सामानापाशी थांबतो. ती हसली. सामानाला लॉकर आहेत, किल्ली तिच्या मनगटावर होती. माझ्यापाशी सांभाळायला तिचा एक फोन, तोही व्हिडिओ काढण्यासाठी दिलेला. तरीही मी बाकावर बसलो. बाकावर इतर माणसंही होती, पण जो तो आपल्या हातातल्या पडद्याकडे बघत होता, मीही. त्या दिवशी घरी येऊन मला कोणाबद्दल काही सांगता आलं नाही.

२०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. बातमी कळली तेव्हा माझ्या वयाच्या सगळ्यांनी एकमेकांना ते गाणं पाठवलं, उसासे टाकले, दोन दिवसांनी विसरले. आईला सांगितलं तर तिने विचारलं, “मगे थंयची माणसां खंय गेली?” घोड्यांच्या चक्रावरचा, लग्न ठरलेला तो मनोरीचा मुलगा तिला आठवत होता. आता पन्नाशीच्या पुढे असेल. वॉटर किंगडम चालू आहे, पॅगोडाला गर्दी असते, आणि खाडीतली बोट उद्यानाच्याही आधीपासूनची, ती कशाला थांबते.

फोटो घेऊन परवा मी आईकडे गेलो. तिला आता चष्मा लागतो, तो तिने शोधून नाकावर चढवला आणि फोटो खिडकीशी धरला. मी विचारलं, चार चष्मे कसे? आपले तर तीनच.

“तो आमचो न्हय,” ती लगेच म्हणाली. “बाजूक ती गुजराती बाय नाय बसलेली? तिचो. दिसभर बसान होती माझ्यासारखी. मीच तिका म्हटलंय, जा गो, एकदा बसान ये, मी आसंय हय सामानाकडे. तर गेली. त्या मोठ्या पाळण्यात.” आईने फोटोतल्या स्वतःच्या वर वळलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. “तिकाच बघतंय हय.”

मग?

“मगे ती खाली इली. मगे माझो नंबर होतो. पण तवसर तुमी सगळे इलास, नि बोटीची येळ झाली.”

तिने फोटो मला परत दिला आणि दुधाखालचा गॅस बंद करायला आत गेली. त्या दिवशी घरी पोचायला आम्हाला साडेनऊ झाले होते.